घरचा लिनक्स डेस्कटॉप दुरून वापरायचा, पण दार एकच ठेवून

पुण्याच्या घरी टेबलाखाली माझा एक वजनदार डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू. सगळे काम त्याच्यावरच. गणपतीत आठ-दहा दिवस रत्नागिरीकडच्या गावी गेलो की तो काही बरोबर नेता येत नाही. बरोबर असतो हलका लॅपटॉप. दुपारी जेवणे उरकली, घर शांत झाले की ओटीवर बसून मी पुण्यातला तो डेस्कटॉप लॅपटॉपच्या पडद्यावर उघडतो. काल अर्धवट सोडलेली फाइल जिथे सोडली तिथेच उघडी असते.

हे जमवायला तासभर पुरतो. पण तो डेस्कटॉप फक्त मलाच उघडता यावा, याची व्यवस्था करायला आणखी एखादी संध्याकाळ लागते, आणि नवखी मंडळी नेमकी तीच टाळतात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने आहे: आधी दार, मग कुलूप, आणि डेस्कटॉप त्यानंतर.

गोंधळ नको म्हणून दोन नावे ठरवू. ज्याचा पडदा दुरून बघायचा तो 'घरचा' संगणक. ज्याच्यासमोर तुम्ही बसला आहात तो 'हातातला'. घरचा लिनक्सवर आहे. उबुंटू, डेबियन किंवा लिनक्स मिंट असेल तर खालच्या बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा चालतील. हातातला लिनक्स, विंडोज, मॅक काहीही चालेल. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, एखाद्याला फोनवरून सांगाव्यात तशा. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी स्पेलिंगने, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

सगळ्या पायऱ्या घरी, दोन्ही संगणक एकाच वायफायवर असताना करून बघा. गावाला पोचल्यावर घरच्या संगणकाचे बटण दाबायला कोणी नसते.

दार एकच का

दुरून पडदा बघण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. व्हीएनसी ही त्यातली जुनी. केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात ती तयार झाली. ती सोपी आहे, सगळीकडे चालते, पण तिचा मूळचा पासवर्ड फक्त पहिली आठ अक्षरे बघतो. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवलात तरी नवव्या अक्षरापासून पुढचे वाया. शिवाय आत शिरल्यावर पडद्याचे चित्र आणि तुम्ही दाबलेल्या कळा मूळ पद्धतीत उघड्याच जातात. दुसरी पद्धत मायक्रोसॉफ्टची आरडीपी. ती लिनक्सवरही चालते आणि तिच्यात सांकेतिकरण असते. पण तिचा ठरलेला पोर्ट, म्हणजे संगणकाच्या दाराचा क्रमांक, ३३८९ इंटरनेटवर उघडा दिसला की पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम तिथे दिवसरात्र ठोठावत राहतात.

तिसरी पद्धत एसएसएच: दुसऱ्या संगणकात सांकेतिकरणातून सुरक्षितपणे शिरण्याची. ते मुळात अशाच चोरीवर उपाय म्हणून आले. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड टिपून घेतले. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यानंतर एसएसएच लिहिले. आज लिनक्सवर असते ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी सुरू केले. जगभरातले सर्व्हर सांभाळणारे लोक रोज याच वाटेने आत जातात.

तेव्हा बेत असा. घरच्या संगणकावर एसएसएच हे एकच दार. डेस्कटॉपचे चित्र, कीबोर्ड, माउस, फायली, सगळे त्याच दारातून. कोकण रेल्वेची गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली की वरच्या डोंगरावर उभ्या असलेल्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही. एसएसएचचा बोगदाही तसाच. मधल्या वायफायवाल्याला काहीतरी जाते-येते आहे एवढेच कळते.

पहिली पायरी: घरच्या संगणकावर एसएसएच

घरच्या संगणकावर टर्मिनल उघडा आणि लिहा:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर

पहिला शब्द एस-यू-डी-ओ असा. तुमचा नेहमीचा पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. नवखे इथे हमखास अडकतात, कीबोर्ड बंद पडला असे वाटते. तसे काही नसते. टाइप करा आणि एंटर दाबा.

मग 'सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएच' लिहून बघा. 'अ‍ॅक्टिव्ह' दिसले तर उत्तम. उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीत मात्र सुरुवातीला 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसू शकते. तिथे एसएसएच पहिली जोडणी आली की जागे होते. घाबरू नका.

आता फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत. ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ २२/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू इनेबल

आधी परवानगी, मग चालू. उलटे केले आणि तुम्ही दुरून जोडलेले असाल, तर आपणच आपल्याला बाहेर कोंडून घेतो.

घरच्या संगणकाचा पत्ता 'आयपी अ‍ॅड्रेस' किंवा नुसते 'आयपी ए' लिहिले की दिसतो, बहुतेक १९२.१६८ने सुरू होणारा. तो आणि तुमचे लॉगिनचे नाव कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर आणखी एक गोष्ट उतरवायची आहे: घरच्या संगणकाचा ठसा. त्यासाठी ही ओळ:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

एसएचए२५६ने सुरू होणारी लांबलचक अक्षरे येतील. त्यातली शेवटची दहा-बारा उतरवली तरी कामापुरते होते.

हातातल्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडा. विंडोज १० आणि ११मध्ये पॉवरशेल उघडले तरी चालते, एसएसएच त्यात असतेच. लिहा: 'एसएसएच', जागा, मग लॉगिनचे नाव, अ‍ॅटचे चिन्ह आणि पत्ता, मध्ये जागा न सोडता. पहिल्याच वेळी लॅपटॉप विचारतो की या संगणकाला मी ओळखत नाही, त्याचा ठसा असा आहे, पुढे जाऊ का. जवळजवळ सगळे जण इथे न वाचता 'येस' लिहितात. तुम्ही कागद काढा आणि अक्षरे ताडून बघा. समोर खरेच तुमचे घर आहे ना, हे बघण्याची हीच वेळ. एकदा होय म्हटले की लॅपटॉप तो ठसा लक्षात ठेवतो आणि पुढे कधी वेगळा दिसला तर जोरात ओरडतो.

दुसरी पायरी: पासवर्ड जाऊ द्या, किल्ली आणा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा भाग हाच. पूर्वी घरच्या जोडणीला स्वतंत्र पब्लिक, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येणारा, पत्ता होता, तेव्हा मी एकदा राउटरवर पोर्ट २२ बाहेरच्या जगाला उघडून ठेवला, एका रात्रीपुरता. सकाळी 'सुडो जर्नलसीटीएल -यू एसएसएच' लिहून नोंदी बघितल्या तर पडद्यामागून पडदे सरकत गेले, संपेनातच. दर काही सेकंदांनी कोणीतरी रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने पासवर्ड आजमावत होते. मग अ‍ॅडमिन, टेस्ट, उबुंटू, पीआय. माझ्यावर कोणाचा राग नव्हता. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता असाच ठोठावला जातो. त्या सकाळी मी पोर्ट बंद केला आणि पासवर्डने आत येणे कायमचे थांबवले.

किल्लीची जोडी असते. खासगी किल्ली हातातल्या लॅपटॉपवर राहते, तिथून कधीच बाहेर जात नाही. सार्वजनिक किल्ली घरच्या संगणकावर ठेवायची, ती कोणी बघितली तरी बिघडत नाही. लॅपटॉपवर लिहा:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

कुठे ठेवू असे विचारेल, एंटर दाबा. मग पासफ्रेज विचारेल. हे मोकळे सोडू नका. लॅपटॉप एसटीत विसरला तर सापडणाऱ्याच्या हातात तुमच्या घराची किल्ली पडते, आणि तेव्हा मध्ये उभा असतो तो फक्त हा पासफ्रेज. आपल्या बोलीतली चार-पाच असंबद्ध शब्दांची ओळ इंग्रजी अक्षरांत लिहा. ती लक्षात राहते आणि दुसऱ्याला सुचत नाही.

लिनक्सवरून किंवा मॅकवरून सार्वजनिक किल्ली घरी पाठवायची ओळ आहे 'एसएसएच-कॉपी-आयडी', आणि पुढे तेच नाव-अ‍ॅट-पत्ता. विंडोजवर ही कमांड नसते. तिथे तुमच्या फोल्डरातल्या '.एसएसएच' मधली '.पब'ने संपणारी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, तिच्यातली एकुलती एक ओळ कॉपी करा, पासवर्ड देऊन घरच्या संगणकावर शिरा आणि तिथल्या '.एसएसएच' फोल्डरात 'ऑथराइज्ड_कीज' या फाइलमध्ये ती चिकटवा. फोल्डर नसेल तर तयार करा. फोल्डरला ७०० आणि फाइलला ६०० ही परवानगी 'सीएचमॉड'ने द्या. परवानगी सैल असेल तर एसएसएच किल्ली मुकाट्याने नाकारते, आणि माणूस तासभर डोके खाजवत बसतो.

आता बाहेर पडा आणि पुन्हा आत या. लॉगिनचा पासवर्ड न विचारता किल्लीचा पासफ्रेज विचारला, म्हणजे किल्ली लागली.

ती लागल्याची खात्री झाली असेल तरच पुढे जा. घरच्या संगणकावर '/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी' या फोल्डरात '१०-माझे' अशा अर्थाची एक नवी फाइल 'सुडो नॅनो'ने करा. नावाच्या शेवटी '.कॉन्फ' हवे. त्यात दोन ओळी:

पासवर्डऑथेंटिकेशन नो
परमिटरूटलॉगिन नो

या फाइलमधल्या मुख्य शब्दांत छोटे-मोठे अक्षर चालते, 'नो' मात्र छोट्याच अक्षरांत. सुरुवातीला १० यासाठी की एकाच गोष्टीबद्दल दोन फायली वेगवेगळे सांगत असतील तर एसएसएच आधी वाचलेले धरते, आणि फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. काही ठिकाणी ५०ने सुरू होणारी एक फाइल आधीच बसलेली असते आणि ती गुपचूप पासवर्ड चालू ठेवते.

'सुडो एसएसएचडी -टी' लिहून तपासा. काहीच उत्तर आले नाही तर सगळे ठीक. मग 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच'. हे दुरून करत असाल तर चालू असलेली खिडकी बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून नव्याने आत येऊन बघा. चुकले असेल तर दुरुस्त करायला पहिली खिडकी हाताशी असते.

तिसरी पायरी: डेस्कटॉप

इथे थोडे थांबून ठरवायला हवे. दुरून डेस्कटॉप बघणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, घरच्या मॉनिटरवर जे दिसते आहे तेच तुम्हाला दिसणे. तुम्ही माउस हलवलात की घरी बसलेल्यालाही तो हललेला दिसतो. आईवडिलांच्या संगणकातली अडचण सोडवायची असेल तर हेच हवे. दुसरी, त्याच संगणकावर तुमच्यासाठी वेगळा, न दिसणारा डेस्कटॉप उघडणे. घरचा मॉनिटर बंद असो, नसो, फरक पडत नाही. आपले काम करायला हे बरे. तुमची बँकेची खिडकी घरच्या मॉनिटरवर कोणापुढे उघडी पडत नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी मी नवख्यांना एक्सटूगो हा प्रोग्राम सुचवतो. कारण साधे आहे: ते स्वतःचा वेगळा पोर्ट उघडतच नाही. सगळे एसएसएचमधून जाते, तेव्हा आपण आत्ता केलेली कुलूपबंदी त्याला आपोआप लागू होते. कमी वेगाच्या जोडणीवरही ते बऱ्यापैकी पळते, आणि गावच्या नेटवर्कवर त्याची किंमत कळते.

घरच्या संगणकावर:

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सटूगोसर्व्हर एक्सटूगोसर्व्हर-एक्ससेशन एक्सएफसीई४

यातला 'टू' म्हणजे आकडा २. शेवटचे नाव एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचे. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ग्नोम एक्सटूगोत नीट चालत नाही, त्याला ग्राफिक्सची जी सोय लागते ती इथे मिळत नाही. एक्सएफसीई मात्र सुतासारखा सरळ चालतो. घरी बसल्यावर तुम्ही ग्नोमच वापरा, दोन्ही एकत्र नांदतात. बसवताना लॉगिनचा पडदा कोणता ठेवू असे विचारलेच तर आहे तोच ठेवा.

हातातल्या लॅपटॉपवर एक्सटूगो क्लायंट बसवा. लिनक्सवर 'एक्सटूगोक्लायंट' या नावाने तो एपीटीतच मिळतो, विंडोज आणि मॅकसाठी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर. उघडल्यावर नवे सत्र भरायचा फॉर्म येतो. होस्टमध्ये घरचा पत्ता, लॉगिनमध्ये तुमचे नाव, एसएसएच पोर्ट २२. किल्ली तिच्या नेहमीच्या जागी असेल तर 'ट्राय ऑटो लॉगिन'वर खूण करा. खाली सेशन टाइपमध्ये एक्सएफसीई निवडा. तिथे आधीपासून दुसरेच नाव असते, आणि ते तसेच सोडले तर खिडकी क्षणभर उघडून बंद होते.

कनेक्शनच्या टॅबवर वेगाची पट्टी आहे: मोडेम, आयएसडीएन, एडीएसएल, वॅन, लॅन. नावे जुन्या काळातली आहेत, पण पट्टी कामाची आहे. घरच्या वायफायवर लॅन, बाहेरून एडीएसएल, आणि एकच काडी सिग्नल असेल तर मोडेम. मीडियाच्या टॅबवर आवाजाची गरज नसेल तर तो बंद करा, तेवढाच भार कमी. मग फॉर्म मिटवा आणि उजवीकडे दिसणाऱ्या सत्राच्या चौकटीवर क्लिक करा. पहिल्यांदा थोडा वेळ लागतो, मग उंदराच्या चित्राचा एक्सएफसीई समोर येतो.

काम संपल्यावर दोन मार्ग आहेत. नुसती खिडकी बंद केली तर सत्र झोपते. घरी प्रोग्राम चालूच राहतात, आणि पुढच्या वेळी 'रिझ्यूम' केले की सगळे जिथल्या तिथे. मध्येच रेंज गेली तरी काम बुडत नाही ते यामुळेच. खरेच आवरायचे असेल तर एक्सएफसीईच्या मेन्यूतून लॉगआउट करा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घरच्या मॉनिटरवर तुम्ही लॉगिन केलेले आणि फायरफॉक्स उघडा राहिलेला असेल, तर एक्सटूगोमध्ये फायरफॉक्स 'आधीच चालू आहे' म्हणून उघडायला नकार देतो. निघताना घरच्या संगणकावर लॉगआउट करा, संगणक बंद नको.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी: अक्षरे घरच्या संगणकावर आकार घेतात, म्हणून देवनागरी फॉन्ट तिथे हवेत. लोहित किंवा नोटो, जो आवडेल तो. मराठी कीबोर्डही तिथल्याच डेस्कटॉपमध्ये जोडा. लॅपटॉपवर मराठी आणि घरच्यावरही मराठी, असे दोन्हीकडे एकदम चालू ठेवले तर जोडाक्षरांची खिचडी होते. लॅपटॉप इंग्रजीवर ठेवायचा आणि भाषा दुरच्या खिडकीत बदलायची.

मॉनिटरवरचाच पडदा हवा असेल तर

उबुंटू २४.०४मध्ये सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात रिमोट डेस्कटॉप. तिथे 'डेस्कटॉप शेअरिंग' आणि 'रिमोट लॉगिन' असे दोन टॅब आहेत. पहिल्यात समोरचाच पडदा दिसतो, पण घरी लॉगिन केलेले असावे लागते आणि पडदा लॉक झाला की जोडणी तुटते. दुसऱ्यात ही अडचण नाही. दोन्ही आरडीपीवर चालतात, पोर्ट ३३८९. हा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडायचा नाही. आपल्याकडे बोगदा आहे. लॅपटॉपवर लिहा:

एसएसएच -एल ३३९०:लोकलहोस्ट:३३८९ नाव@पत्ता

यातला एल तेवढा मोठ्या अक्षरात. ही ओळ डावीकडून वाचून बघा. माझ्या लॅपटॉपच्या ३३९० या पोर्टवर जे येईल ते बोगद्यातून ने, आणि पलीकडे पोचल्यावर तिथल्या 'लोकलहोस्ट'च्या, म्हणजे घरच्या संगणकाच्या स्वतःच्याच, ३३८९वर दे. मधला लोकलहोस्ट कोणाचा, यावर बहुतेकांची गल्लत होते. तो पलीकडचा. लॅपटॉपवर ३३९० घेतला कारण विंडोजवर ३३८९ आधीच वापरात असू शकतो. टर्मिनलची खिडकी उघडी ठेवून लिनक्सवरच्या रेमिना या प्रोग्राममध्ये किंवा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट:३३९०' भरा. व्हीएनसी वापरायचे असेल तरी युक्ती हीच, फक्त पोर्ट ५९०१ आणि सर्व्हर सुरू करताना '-लोकलहोस्ट येस'.

चौथी पायरी: घराबाहेरून

आतापर्यंतचे सगळे घरच्या वायफायवर. गावाहून १९२.१६८वाला पत्ता चालत नाही, तो घराच्या भिंतींच्या आतला आहे. जुना सल्ला असा की राउटरवर पोर्ट उघडा. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर तो मुळात चालतच नाही, कारण अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक पत्ता दिलेला असतो. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल तर तुम्ही अशा वाटणीत आहात, आणि राउटरवर काहीही उघडले तरी बाहेरून कोणी पोचणार नाही.

चालत असेल तरी मी तो देणार नाही. २०२४च्या मार्चअखेर एक्सझेड नावाच्या साध्या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. त्याचा नेम एसएसएच सर्व्हरवर होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला, तो एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पाठपुरावा करताना. सुदैवाने उबुंटू-डेबियनच्या स्थिर आवृत्त्यांत तो पोचलेला नव्हता. एसएसएच भक्कम आहे, तरी ते भर रस्त्यावर उभे करण्याचे कारण नाही.

म्हणून दोन संगणकांमध्ये खासगी रस्ता टाकायचा. नवख्यांसाठी टेलस्केल सोपे. आतून ते वायरगार्ड हा सांकेतिक बोगदा वापरते, जो २०२०च्या मार्चमध्ये ५.६ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, आला. वैयक्तिक वापराला टेलस्केल फुकट आहे. त्यांच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठी एक ओळ दिलेली आहे, ती तिथूनच कॉपी करून घरच्या संगणकावर चालवा. मग 'सुडो टेलस्केल अप' लिहा. एक दुवा येईल, तो ब्राउझरात उघडून तुमच्या एखाद्या खात्याने लॉगिन करा. त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेलीच हवी, कारण या रस्त्याची मालकी आता त्या खात्याकडे आहे. लॅपटॉपवरही टेलस्केल बसवून त्याच खात्याने आत या.

घरच्या संगणकावर 'टेलस्केल आयपी -४' लिहिले की १००ने सुरू होणारा पत्ता मिळेल. एक्सटूगोच्या होस्टमध्ये आता तोच घाला. तुम्ही घरात असा, गावी असा की परदेशात, पत्ता तोच राहतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून घरातूनच याची परीक्षा घ्या. टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर घरच्या संगणकाची 'की एक्सपायरी' बंद करायला विसरू नका, नाहीतर १८० दिवसांनी तो आपोआप बाहेर पडतो, आणि तो दिवस नेमका तुम्ही लांब असतानाच येतो.

वीज, झोप आणि कुलपे

दुरून डेस्कटॉप न उघडण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे संगणक झोपलेला असणे. सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड बंद करा. पण लॉगिनच्या पडद्यावर, कोणीच आत नसताना, ग्नोम स्वतःच्या हिशोबाने झोपू शकतो. पक्के करायचे तर:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट

परत आल्यावर 'मास्क'च्या जागी 'अनमास्क'.

वीज जाते आणि येते, संगणक मात्र बंदच राहतो. बायॉसमध्ये, म्हणजे संगणक चालू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, 'एसी पॉवर लॉस'सारख्या नावाची एक सोय असते, तिथे 'पॉवर ऑन' निवडा. राउटरला छोटा यूपीएस असेल तर दहा-पंधरा मिनिटांच्या झटक्याला संपर्क तुटत नाही. संगणकाची पूर्ण डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर मात्र सावध राहा. वीज परत आल्यावर तो डिस्कचा पासफ्रेज मागत काळ्या पडद्यावर थांबतो, तेव्हा नेटवर्कच सुरू झालेले नसते. अशा वेळी घरातल्या कोणाला तरी तो टाइप करता यायला हवा.

जमले नाही तर

एसएसएचचे इंग्रजी संदेश वाचा, ते नेमके असतात. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे तिथवर पोचताच आले नाही: संगणक झोपला, वीज गेली, टेलस्केल बंद आहे किंवा फायरवॉलने गिळले. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे घरापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. एसएसएच सुरू नाही. 'परमिशन डिनाइड', आणि कंसात 'पब्लिककी', म्हणजे दार बरोबर, किल्ली चुकली: लॉगिनचे नाव, किल्लीची जागा आणि त्या ७००-६०० परवानग्या बघा. एसएसएच जमते पण एक्सटूगो नाही, तर बहुधा सेशन टाइप किंवा डिस्क पूर्ण भरलेली.

'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' असा मोठा इशारा आला तर हात आवरा. घरच्या संगणकावर तुम्ही नुकतेच लिनक्स नव्याने बसवले असेल तर ठसा बदलणारच. तसे काही केले नसेल, तर कागदावरची अक्षरे ताडून बघेपर्यंत पुढे जाऊ नका.

आणि लॅपटॉपच हरवला तर त्याच दिवशी दोन गोष्टी करा. फोनवरून टेलस्केलच्या पानावर जाऊन त्या लॅपटॉपला यादीतून काढून टाका. मग जमेल तितक्या लवकर घरच्या संगणकावर 'ऑथराइज्ड_कीज' उघडून त्या लॅपटॉपच्या किल्लीची ओळ पुसा. ओळीच्या शेवटी लॅपटॉपचे नाव असते, त्यावरून ती ओळखता येते. नवा लॅपटॉप आला की दुसऱ्या पायरीपासून पुन्हा, नव्या किल्लीने.